एक खोकं फर्रर्र करतंय, दुसरं मुकं: जुने स्टीरिओ स्पीकर कोल्हापुरात नीट होतील का?

नववी गल्ली
मंडळी, नमस्कार. थोरले काका मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले आणि त्यांचा स्टीरिओ माझ्या हवाली करून गेले. अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर. थ्री-वे आहेत, म्हणजे प्रत्येक खोक्यात खर्जाचा वूफर, मधल्या आवाजाचा मिड आणि वरच्या आवाजाचा ट्वीटर. वूफर आठ इंची, मागे ट्रेबलचा एक नॉब. ऐंशीच्या दशकातला माल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं ब्रँडपुराण होईल.

तक्रार अशी. डाव्या खोक्यातून डग्ग्याची थाप आली की फर्रर्र असा आवाज येतो, गाणं नुसतं असेल तर ठीक. उजव्याचा खर्ज बरा आहे, पण वरचा आवाज जवळपास गायब. गायक घोंगडी पांघरून गातोय असं वाटतं. एका दुकानात नेऊन दाखवलं. त्यांनी जाळी न काढताच निकाल दिला: "दोन्हीचे वूफर-ट्वीटर नवीन टाकू, जुन्यात काय राहिलंय?" मी खोकी उचलून परत आणली.

तर प्रश्न असे, की घरी काय काय तपासता येईल? गावात हे काम नीट कोण करतं? आणि एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

तांबडा-पांढरा
वाचतोय. आमच्या माळ्यावरही एक जोडी आहे. सध्या तिच्यावर लोणच्याची बरणी असते.

पेठेतला
काकांनी सिस्टीम बी दिली आणि काम बी दिलं. नशीब काढलंसा!

सोल्डरगन
खोकी उघडायच्या आधी एक फुकटचं काम करा. अ‍ॅम्प बंद करून मागच्या डाव्या-उजव्या स्पीकर वायरींची अदलाबदल करा आणि तीच रेकॉर्ड लावा. फर्रर्र दुसऱ्या खोक्यात गेलं तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या अलीकडे, म्हणजे पिकअप (रेकॉर्डवरची सुई), वायरी, बॅलन्सचा नॉब इथे कुठेतरी. त्याच खोक्यात राहिलं तर दोष खोक्यात. अ‍ॅम्प चालू असताना वायरींना हात लावू नका. दोन टोकं एकमेकांना चिकटली तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातो, मग त्याच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

दुसरं, तो मागचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा. आत तारेवर सरकणारी पट्टी असते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की तिथे गंज चढतो आणि ट्वीटर गप्प होतो. फिरवताना मधेच आवाज आला-गेला तर चोर सापडला समजा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला की बहुतेक वेळा काम होतं.

डिजिटल भाऊ
एवढं कशाला? दोन-तीन हजारांत चांगला ब्लूटूथ डबा येतो. बास दणदणीत. काकांची खोकी स्टूल म्हणून वापरा.

पेठेतला
@डिजिटल भाऊ, तुमचा डबा डाव्या आणि उजव्या दोन्ही कानाला एकच गाणं सांगतो. हलकेच घ्या.

बावडेकर
नववी गल्ली, तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज: डाव्याच्या वूफरची फोमची कड गेली आहे आणि उजव्यात ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर (फक्त वरचा आवाज पुढे सोडणारा भाग). दोन्ही दोष वयाचे आहेत, दोन्हींवर इलाज आहे.

वूफरच्या कागदी कोनाच्या बाहेर जी मऊ गोल वळी असते ती त्या काळात बऱ्याचदा पॉलियुरेथेन फोमची असे. हा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू फुटत जातो. वाजवा नाहीतर झाकून ठेवा, पंधरा-वीस-पंचवीस वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते, तिथे फोम काय टिकणार. वळी फाटली की कोन सरळ रेषेत न हलता कलतो आणि कॉइल (कोनाच्या मागची तारेची गुंडाळी) मॅग्नेटच्या फटीत घासते. गाताना कोन थोडाच हलतो म्हणून कळत नाही, डग्ग्याला जास्त हलतो तेव्हा फर्रर्र.

जाळी काढा. वळीला बोटाने अगदी हलका स्पर्श करा. बोट काळं झालं तर उत्तर मिळालं.

मात्र वळी रबराची किंवा घडीघडीच्या कापडाची असेल तर ती सहसा शाबूत असते. मग फर्रर्रचं कारण दुसरीकडे शोधा: मधली टोपी सुटलेली, वूफरचे स्क्रू ढिले, नाहीतर कोनाला जाणारी वेणीसारखी लवचिक तार कोनावर आपटतेय.

नववी गल्ली
वायरींची अदलाबदल करून पाहिली. दोष खोक्यांतच आहेत, अ‍ॅम्प सुटला. नॉब फिरवून उजव्यात काही फरक नाही.

डाव्याची जाळी काढली. बोट काळं झालं आणि वळीचा चतकोर तुकडा हातात आला. बावडेकर, तुम्ही डॉक्टर आहात का?

बावडेकर
निवृत्त लेखापाल. :)

मंडळाचा साउंड
नमस्कार. आमचं साउंडचंच काम. गणपतीच्या आधी गावातल्या गावात शेकडो वूफरला नवीन कॉइल-कोन बसतात. कोल्हापुरात वूफर दुरुस्त होणार न्हाई तर कुठं होणार? आठ इंचाला तर काय, जुना कागद फाडायचा, नवीन कोन, नवीन कॉइल, नवीन स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी चकती). संध्याकाळी द्या, दुसऱ्या दिवशी न्या. फोमची नाटकं कशाला करायलाय? कापडी कडेचा कोन टाका, आयुष्यभर बघायला नको.

बावडेकर
@मंडळाचा साउंड, तुमच्या हातांबद्दल शंकाच नाही. पण इथे सल्ला चुकतोय. मिरवणुकीचा वूफर आणि घरातला वूफर यांचे धंदे वेगळे. तुमच्या वूफरला कमी वॉटमध्ये जास्त दणका हवा, चौकातून ऐकू जायला हवं. त्याची कड घट्ट, झोल कमी. घरच्या वूफरची कड मऊ ठेवलेली असते म्हणून तो एवढ्याशा खोक्यात खाली तीस-चाळीस हर्ट्झच्या आसपास जाऊ शकतो. घट्ट कापडी कडेचा कोन टाकला की त्याची नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकते. आवाज मोठा येईल, खर्ज जाईल.

खोक्याचं आकारमान, पोर्टची (हवेच्या नळकांड्याची) लांबी, सगळं त्या मूळ वूफरच्या मापांवर बेतलेलं असतं. थील आणि स्मॉल या दोघांच्या नावाने ती मापं ओळखली जातात. एक बदललं की बाकीचा हिशोब बिघडतो.

मंडळाचा साउंड
हिशोब बिघडतो ते मान्य. पण लोक येतात तेव्हा म्हणतात, "भावा, वाजलं पाहिजे." ते वाजवून देतो आम्ही. वर फोमची रिंग गावात मिळत न्हाई, ते कोण सांगणार?

सोल्डरगन
दोघंही बरोबर आहेत, भांडू नका. रिंग ऑनलाइन मागवायची, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही चौकशी करता येते. किंमत नव्या चांगल्या वूफरच्या मानाने किरकोळ. पण "आठ इंची" एवढं सांगून मागवू नका, आठ इंचातही मापं वेगवेगळी असतात. चार मापं घ्या: लोखंडी फ्रेमवर रिंग जिथे चिकटते तिथला बाहेरचा व्यास, वळीचा बाहेरचा व्यास, वळीचा आतला व्यास आणि कोनाचा व्यास. सगळं मिलिमीटरमध्ये. जुन्या रिंगचे तुकडे फेकू नका, जाडी आणि मऊपणा ताडायला लागतात.

अळणी मिसळ
फोमच्या ऐवजी कातडं लावलं तर? कोल्हापुरात कातड्याला काय तोटा? पायताण करणाऱ्याकडून पातळ शेळीचं कातडं घ्यायचं, गोल कापायचं. वूफर चालायला लागला की करकर वाजेल, पण ते आपल्याकडे चांगलंच समजतात.

पेठेतला
नाद खुळा! कडेला गोंडा पण लावा.

बावडेकर
हसू नका. फार पूर्वीच्या काही स्पीकरांना खरंच मऊ चामड्याची कड असे आणि परदेशात हौशी लोक अजूनही लावतात. फक्त ते अतिशय पातळ आणि लुसलुशीत हवं, पायताणाचं चालायचं नाही. ओलाव्याने ताठ होतं हा आपल्याकडचा प्रश्न आहेच.

लेथवरचा
उद्यमनगरातून लिहितोय, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. वूफर काढल्यावर वर्कशॉपच्या टेबलावर उघडा ठेवू नका. लोखंडाचा कीस हवेतच असतो, मॅग्नेट तो ओढून घेतो आणि कॉइलच्या फटीत जाऊन बसतो. मग नवीन फोम लावून पण खरखर तशीच. कीस गेलाच असेल तर मधली टोपी काढून मास्किंग टेपची पट्टी उलटी दुमडायची, चिकट बाजू बाहेर, आणि फटीतून फिरवायची. फुंकर मारून निघत नाही, अजून आत जातो.

आणि स्क्रू काढताना कोनावर जाड पुठ्ठा धरा. मॅग्नेट स्क्रू-ड्रायव्हरला हिसका देतो आणि टोक कागदातून आरपार जातं.

सुरेल
धागा फारच मिस्त्रीखात्यात चाललाय म्हणून थोडं ऐकण्याबद्दल. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तपासायला सिनेमाची गाणी लावू नका, त्यात सगळं एकदम वाजतं. नुसता तानपुरा लावा. जवारी (तारेची झणकार) चांगली असेल तर वरचे स्वर झिरपत राहतात. ट्वीटर गेलेल्या खोक्यातून ते मरतात आणि उरतं फक्त गुंजन. दुसरं, संथ विलंबितातला डग्गा. मींड घेताना, म्हणजे तळहाताने दाबून घुमारा वर नेताना, कॉइल कुठे घासते ते लगेच कळतं. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथे देवल क्लब आहे, तिथे तबला-तानपुऱ्याच्या रेकॉर्डी मिळायला अडचण नसावी.

जुन्या मोनो रेकॉर्डीही कामाच्या. दोन्ही खोकी बरोबर चालत असतील तर गाणारा दोहोंच्या बरोबर मधे बसलेला वाटतो.

डिजिटल भाऊ
मोनो रेकॉर्ड म्हणजे दोन्ही कानाला एकच गाणं ना? मग माझ्या डब्यात काय वाईट होतं? @पेठेतला

पेठेतला
घ्या. हा गोल आमच्यावर झाला.

सोल्डरगन
आता उजव्या खोक्याकडे वळू. नववी गल्ली, मल्टिमीटर आहे का? वूफर, मिड, ट्वीटर, प्रत्येकाची एक वायर सोडवून रोध मोजा. आठ ओहमच्या स्पीकरला मीटरवर आठ दिसणार नाही. साडेपाच ते सात दिसेल. चार ओहमच्याला तीन-साडेतीन. अनंत दाखवलं तर कॉइल किंवा वेणीची तार तुटली. शून्याच्या जवळ दाखवलं तर कॉइल जळून आत चिकटली. तो स्पीकर परत अ‍ॅम्पला लावू नका.

मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल. दोन तारा क्षणभर टेकवा. खट्ट असा आवाज आला तर कॉइल जिवंत. त्याच सेलने वूफरची दिशाही कळते: सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. काही जुन्या जेबीएलमध्ये उलटं असतं, पण ती जोडी असती तर काका पुण्याला घेऊन गेले असते.

नववी गल्ली
मीटर शेजाऱ्यांकडून आणला. उजव्याचा वूफर ६.१, मिड ५.८, ट्वीटर ६.३ ओहम. म्हणजे ट्वीटर जिवंत आहे! सेलनेही टिक् वाजला. मग आवाज अडतोय कुठे?

खोक्यात एक छोटी हार्डबोर्डची पाटी आहे, तिच्यावर दोन गुंडाळ्या, एक सिमेंटचा रेझिस्टर आणि तीन गोल डबे. एकावर ४.७ असं लिहिलंय. त्याच्या टोकाशी थोडं काहीतरी वाळलेलं दिसतंय.

बावडेकर
तोच तो. ते क्रॉसओव्हरचं सर्किट, आवाज वूफर-मिड-ट्वीटरमध्ये वाटून देणारं. ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (दोन्ही दिशांना चालणारा) इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असणार. आतला द्रव वाळतो, क्षमता घटते आणि आतला रोध वाढतो. आठ ओहमच्या ट्वीटरला नुसता ४.७ चा कपॅसिटर असला तर तो साधारण ४,२०० हर्ट्झपासून वरचं सोडतो. तोच वाळून २.२ एवढा उरला तर ९,००० च्या वरचंच सोडेल. मधला सगळा पट्टा गेला. तुमची घोंगडी ती हीच.

बदलताना तीन गोष्टी.

साधा पोलर कपॅसिटर लावू नका. स्पीकरमधून जाणारा विद्युतप्रवाह दोन्ही दिशांनी फिरतो. एकाच दिशेचा कपॅसिटर फुगतो.

दोन्ही खोक्यांतले एकदमच बदला, नाहीतर डावं-उजवं जुळत नाही.

फिल्मचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा, १०० व्होल्ट किंवा जास्तीचा मिळाला तर उत्तम, तो वाळत नाही. आकाराने मोठा असतो, पाटीवर झिप टायने बांधावा लागेल. त्याचा आतला रोध जुन्यापेक्षा कमी, त्यामुळे काही स्पीकरांत वरचा आवाज किंचित टोचतो. तसं झालं तर अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडा.

कळंबा
गावात नॉन-पोलर मागितला की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग पोराकडे बघतो, मग "पुण्याहून मागवावा लागेल" म्हणतो. तोपर्यंत जुगाड: दहा मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर, मायनसला मायनस जोडून ओळीत लावायचे. बाहेरची दोन्ही टोकं प्लस राहतात. क्षमता निम्मी होते, म्हणजे पाच. ४.७ ला चालून जातं.

सोल्डरगन
चालतं, पण तात्पुरतं. साधे इलेक्ट्रोलायटिक वीस टक्के इकडेतिकडे असतात.

शाहूपुरी सहावी
२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं तेव्हा सासऱ्यांचे स्पीकर खालच्या खोलीत होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट पाणी म्हणजे धोका, हे आम्हाला पाठ आहे, पण त्या वेळी पाणी इतकं वेगाने चढलं की वर फक्त धान्य आणि कागदपत्रं नेता आली. पाणी ओसरल्यावर खोकी पाहिली तर खालचा पार्टिकल बोर्ड भिजून फुगलेला, कोपरे उकललेले. वूफर कोरडे झाल्यावर मीटरवर व्यवस्थित रोध दाखवत होते, पण फटीत गंज चढलेला. कोन हाताने हलवला की खरखर लागायची. वूफर गेले. वरचे मिड आणि ट्वीटर पाण्याच्या वर राहिले म्हणून वाचले.

सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायची नवीन खोकी करून घेतली. सुतार म्हणाला, थोडी उंच करू, दिसायला बरी. मी बाहेरचं माप बदलू दिलं, पण आतलं लिटरमधलं आकारमान जुन्याइतकंच ठेवायला लावलं: आतली लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि हजाराने भागायचं. त्याच मापाचे जुने वूफर एका भंगारवाल्याकडे मिळाले, फोम गेलेले, त्यांना नवीन रिंग लावली. घरात आता खालच्या खोलीत फक्त लाकडी बाक आहे.

तांबडा-पांढरा
प्लाय की एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) यावर कुणी बोलणार का, की मीच आग लावू?

लेथवरचा
पुराच्या पट्ट्यात एमडीएफ नको. विषय संपला.

सुरेल
विषय एवढ्यात कसा संपेल? एमडीएफ एकसंध असतो, प्लायमध्ये आत पोकळ्या असल्या तर ठरावीक स्वराला खोकं बोलतं.

लेथवरचा
मरीन प्लाय घ्या, पोकळ्या नसतात. आता संपला.

नववी गल्ली
रिंगा मागवल्यात. चार मापांपैकी तीन जुळली, फ्रेमवरची कड दोन मिलिमीटर जास्त रुंद आहे, ती कात्रीने कापता येईल ना? आता लावायचं कसं, आणि मी लावू की बाहेर देऊ? गोंद कुठला? घरी फेविक्विक आहे.

सोल्डरगन
फेविक्विक कपाटात परत ठेवा! ते सेकंदात धरतं, रिंग सरकवून मधोमध आणायला वेळच देत नाही, आणि सुकल्यावर कडक होतं. रबरासारखा लवचिक राहणारा गोंद हवा. रिंगसोबत बाटली येते ती वापरा, नसेल तर फेविबाँडसारखा रबर गोंद.

बाहेरची कड कापली तरी चालते, आतली कापू नका.

जुना फोम आणि गोंद काढणं हेच खरं काम. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून, घाई न करता. कोन कागदाचा आहे, थिनर ओतू नका. आधी रिंग कोनाला चिकटवा आणि पूर्ण सुकू द्या. मग फ्रेमला गोंद लावून रिंग बसवा, आणि गोंद ओला असतानाच कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाबून आत-बाहेर करा. घासल्याचा आवाज आला तर त्या बाजूने रिंग केसभर सरकवा. जमलं की चिमटे लावून रात्रभर हात लावायचा नाही.

खात्री हवी असेल तर मधली टोपी ब्लेडने कापून काढा, कॉइल आणि मधल्या खांबाच्या फटीत जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या चारी बाजूंनी सारून कॉइल मधोमध अडकवा, मग रिंग चिकटवा, सुकल्यावर पट्ट्या काढा. टोपी पुन्हा चिकटवायची.

मंडळाचा साउंड
पट्टीवाली पद्धत बरोबर. आमच्यात पण तशीच. फक्त एक: रिंग तुम्ही आणलीच आहे तर कुठल्याही कोन बसवणाऱ्याकडे घेऊन जा आणि सांगा, "कॉइलला हात लावायचा न्हाई, फक्त कड बसवायची." हात बसलेला माणूस अर्ध्या तासात करून देतो. गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत मात्र जाऊ नका, कुणी ढुंकून बघणार न्हाई. अनंत चतुर्दशी झाली की निवांत.

आणि बावडेकर काका, ते कडेचं आणि कंपनाचं मी वाचून काढलं. आमच्या एका बेसच्या खोक्यात का दम न्हाई ते आता कळालं.

बावडेकर
फार बरं वाटलं. कुठल्या मापाचं खोकं आहे? व्यक्तिगत निरोप करा.

अळणी मिसळ
लेखापाल आणि मंडळाचा साउंड एकत्र आले. यंदा मिरवणुकीत तानपुरा वाजणार.

नववी गल्ली
प्रगतीचा अहवाल. दोन्ही खोक्यांचे कपॅसिटर बदलले, फिल्मचे मिळाले. उजवं खोकं उघडलं आहे असं वाटलं. तानपुऱ्याच्या तारा मोजता येतील इतक्या. सुरेल, धन्यवाद. टोचत नाही, त्यामुळे रेझिस्टर लावला नाही.

रिंग एका कारागिराकडून बसवून घेतली. फर्रर्र पूर्ण गेलं. पण आता नवीनच लचांड. एकेक खोकं वेगळं वाजवलं तर खर्ज भरपूर. दोन्ही एकदम लावली की खर्ज पातळ होतो आणि गाणारा मधे बसण्याऐवजी कुठेतरी खोलीभर पसरतो. बॅलन्सचा नॉब एका बाजूला नेला की परत सगळं ठीक. हे काय आहे?

कळंबा
फेज उलटी झालीये. वूफर परत जोडताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली असणार. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांचा खर्ज खातात. सेलची चाचणी दोन्हींवर करा.

सोल्डरगन
+१. आणि अ‍ॅम्पच्या मागून खोक्यापर्यंतच्या वायरी पण तपासा. एकाच रंगाच्या दोन तारा असल्या की तिथेही घोळ होतो. एका तारेला गाठ मारून ठेवा.

बावडेकर
फेज सुधारताना वूफर निघणारच आहे, तर सांधेही बघा. तुमचं खोकं बंद प्रकारचं आहे की भोकाचं? पुढे-मागे पोर्टचं नळकांडं नसेल तर ते बंद. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी बंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा वापर करून लहान स्पीकरातून मोठा खर्ज काढला, तेव्हापासून घरगुती स्पीकरांत ती पद्धत रुळली. पण हवा कुठून निसटली तर सगळं मुसळ केरात. वूफरचा कोन समान दाबून सोडा. संथपणे परत आला तर खोकं हवाबंद आहे; पटकन उसळला तर कुठेतरी गळती. फ्रेमखाली खिडकीला लावतात तो स्पंजचा पट्टा चालतो. आत काचेचा कापूस असेल तर तोंडावर फडकं बांधा, पण तो काढून टाकू नका.

नववी गल्ली
कळंबा, बरोबर. डाव्याचा वूफर उलटा जोडला होता. आता गाणारा मधे आला. खोकं बंद प्रकारचं आहे, कोन संथ येतो.

उजव्याच्या वूफरची कड अजून शाबूत दिसते. तिला हात लावू की नको?

बावडेकर
दोन्ही फोम एकाच वयाचे. एक फाटला म्हणजे दुसऱ्याचा नंबर लागलेला आहे. शिवाय एका बाजूला नवीन मऊ फोम आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा, हे ऐकू येतं. रिंगा जोडीनेच आल्या असतील, बसवून टाका.

एक शेवटचं. नवी कड लावल्यावर अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. काही वाजत नसताना, आवाज शून्यावर. पन्नास मिलीव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर लावू नका, कॉइल शांतपणे जळते, आवाजही येत नाही.

सुरेल
आणि लग्नाच्या हॉलसारखा आवाज मोठा करू नका. अ‍ॅम्प त्याच्या कुवतीबाहेर गेला की आवाजाच्या लाटेचा माथा छाटला जातो आणि त्यातली वरची कंपनं आधी ट्वीटर जाळतात. छोट्या अ‍ॅम्पने ट्वीटर जळतात ते यामुळेच.

नववी गल्ली
डावीकडे १२, उजवीकडे १९ मिलीव्होल्ट. उजव्याची रिंगही त्याच कारागिराकडे दिली. ज्यांनी जाळी न काढता निकाल दिला होता त्यांच्या चार नव्या स्पीकरांच्या अंदाजापेक्षा सगळा खर्च बराच खाली राहिला. नेमका आकडा लिहीत नाही, पुढच्याला त्यावरून घासाघीस करायला लागेल. काकांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, डावीकडचं फर्रर्र पूर्वीपासूनच होतं, त्यांना वाटायचं रेकॉर्डच तशी आहे.

गंगावेश
उशिरा आलोय, माफी. माझ्याकडे जुना जर्मन स्पीकर आहे, त्याच्या वायरीच्या टोकाला एक चपटी आणि एक गोल पिन असलेला प्लग आहे. आजच्या अ‍ॅम्पला कसा लावायचा? प्लस कुठली?

सोल्डरगन
तो डिन प्लग. गोल पिन प्लस, चपटी मायनस. प्लग कापू नका, दोन पिनांचं सॉकेट मिळतं, त्याला अ‍ॅम्पकडच्या वायरी जोडा. आणि लावायच्या आधी जाळी काढून वळीला बोट लावून बघा.